खिडकीकडचा चतकोर

क्लूनबेग, टबरकरीजवळ,
काउंटी स्लायगो.
गुरुवार, ४ मार्च १९९३

प्रिय डिम्फना,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तू मजेत आहेस असं धरून चालते, कारण काही दुखत-खुपत असतं तर ते पहिल्याच ओळीत आलं असतं. मी ठणठणीत आहे. गुडघा तेवढा पाऊस यायच्या आधी कुरकुरतो, आणि इथे पाऊस कधी यायचा नसतो? कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्यात. या वर्षीची टर्फची ढेकळं ओलसर निघाली, चुलीत जळतात कमी आणि धुरतात जास्त. लेंटचे उपास सुरू झाले म्हणून मी साखर सोडलीय. बिनसाखरेचा चहा पिताना रोज नव्याने पटतं की आपल्या हातून काही संतपद साधायचं नाही.

आता आईच्या पावाचं. "माझा नेहमी दगड होतो, आता जिलियनला शिकायचाय, तू नीट लिहून पाठव," असं तू लिहितेस. अगं, आईने तरी कधी कुणाला नीट सांगितलं? पीठ किती विचारलं की म्हणायची, "लागेल तेवढं." ताक किती? "मागेल तेवढं." आणि भाजायचा किती वेळ? "होईपर्यंत." झाली कृती! म्हणून आज मी असं केलं, खरोखरच पाव करायला घेतला आणि टेबलावर परातीशेजारी हा कागद ठेवला. मध्येमध्ये पिठाची बोटं उठतील, तेवढी गोड मानून घे.

कोंड्यासकट जाडं दळलेलं गव्हाचं पीठ चार ओंजळी. आई पाच घ्यायची, पण माझे हात बाबांवर गेलेत. तुझे आईसारखे, तू पाचच घे. त्यात मैद्याच्या दोन मुठी, म्हणजे पाव कापताना भुगा होत नाही. मीठ चिमटीहून जरा जास्त. सोडा एक लहान चमचा, पण तो तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडायचा. गुठळी राहिली तर नेमकी पाहुण्याच्या घासात येते आणि त्याचं तोंड कडू होतं.

मग मध्ये खड्डा करून ताक ओतायचं, आणि ताक आंबटच हवं. तुमच्या लीड्सला ते डब्यातलं मिळत असेल, ते दोन दिवस ओट्यावर विसरून जा. अख्खा जन्म डेअरीत काढलेली बाई सांगतेय, गोड ताकाने सोडा जागाच होत नाही. माझं आजचं ताक कॅथल गिलमार्टिनच्या घरचं आहे. काल आणून दिलं त्याने. या भागात घरी लोणी काढणारा तोच एक उरलाय. त्याची बायको नोरा गेली, पण तिचं लोण्याचं यंत्र त्याने बंद पडू दिलं नाही.

आता तुझी चूक कुठे होते ते सांगते. तू मळतेस. नाही म्हणू नकोस, तू मळतेसच! तुझ्या सासूने, ट्रेव्हरच्या आईने, तुला यीस्टचा पाव शिकवला आणि तेव्हापासून तू दिसेल त्या पिठाला बुक्के घालत सुटलीस. हा पाव मळायचा नसतो गं. बोटं पसरून हात दोन-तीनदा गोल फिरवायचा, पिठाने ताक प्यायलं की हात काढून घ्यायचा. ओलं, ओबडधोबड दिसतं, तसंच दिसू दे. "त्याला सतावू नका, ते आपलं आपण होतं," असं आई म्हणायची. आपल्या दोघींच्या बाबतीत मात्र तिला हे कधी सुचलं नाही.

मग गोल थापायचा आणि सुरीने वर खोल फुली काढायची. आई म्हणायची, त्यातून पऱ्या बाहेर पडतात. बाबा म्हणायचे, मधलं कच्चं राहत नाही. दोघंही आपापल्या मतावर शेवटपर्यंत ठाम होती.

थांब, हा आत ठेवून येते.

ठेवला. ओव्हनचं दार आता एका हाताने बंद होतं, ढोपर लावावं लागत नाही. बिजागरी कॅथलने बसवून दिली. पन्हळही त्यानेच ठीक केली, आणि कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्परही. म्हणजे एकदम नाही, दर बुधवारी थोडं थोडं. सगळं एकाच दिवसात उरकता आलं असतं, हे मलाही कळतं. कन्सेप्टा हंटलाही कळत असावं. पोस्टाच्या खिडकीत बसून कुणाच्या फाटकाशी काय उभं आहे ते पाहायला देवाने तिला खास डोळे दिलेत, आणि कॅथलचा ट्रॅक्टर लाल आहे. माणूस सायकलवर आला तर सायकल कुंपणाआड तरी लोटता येते. ट्रॅक्टर कुठे लपवायचा?

लपवायचा म्हणजे, लपवण्यासारखं काही नाही.

डिम्फना, तू पत्राच्या शेवटी लिहिलंयस, "कॅथल कसा आहे? तू त्याच्याबद्दल काहीच लिहीत नाहीस." ती ओळ मी सोमवारपासून किती वेळा वाचली असेल! वाचून घडी घालते, चहा टाकते, पुन्हा उघडते. तुला इंग्लंडला जाऊन इतकी वर्षं झाली, तू कधी त्याचं नावसुद्धा काढलं नाहीस. आता ट्रेव्हरला जाऊन दोन वर्षं झाली आणि तू विचारतेस. तू नुसतं विचारलंस की मनात काही धरून विचारलंस, ते मला कळत नाही. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू माझ्या आवाजावरूनच सगळं ओळखतेस, आणि आधी मला ते माझ्या शब्दांत सांगायचंय.

तर सांगते. पाव होईपर्यंत वेळ आहेच.

आपल्या घराची रीत तुला आठवते ना? बाहेरचं माणूस आलं की दुकानचा पांढरा पाव, त्यावर लोणी आणि वर जॅम. फादर आले, डॉक्टर आले, गुरांचा दलाल आला, सगळ्यांना तोच मान. घरचा काळा पाव घरच्यांचा. फुलीवर मोडून त्याचे चार चतकोर, आणि पाव टेबलावर ठेवायचा तो नेहमी त्याच रोखाने. चुलीकडचा आईचा, खिडकीकडचा बाबांचा, दाराकडचा माझा, भांड्यांच्या कपाटाकडचा तुझा. लहानपणी तू एकदा बाबांचा उचललास आणि आईने तुझ्या हातावर लाकडी डाव मारला होता.

तू गेल्यावरही आई तुझा चतकोर फडक्यात गुंडाळून ठेवायची. "कुणी सांगावं, येईलही." शनिवारपर्यंत वाट पाहायची आणि मग कोंबड्यांना घालायची. बाबांच्या मागे त्यांचा चतकोर ती खिडकीत पाखरांना ठेवायला लागली. आई गेल्यावर मीही तेच चालू ठेवलं. तुझा अजून गुंडाळून ठेवते. हसू नकोस. आईचा चतकोर मी दुसऱ्या दिवशी शेकून खाते, पण बसते मात्र दाराकडच्या माझ्याच खुर्चीत.

आणि कॅथल तीन हिवाळे तुझ्यासाठी या स्वयंपाकघरात येऊन बसला, तेव्हा त्यालाही दुकानचाच पाव मिळायचा. लोणी जास्त लावायची आई, पण पाव दुकानचा. तो तोंडाने आभार मानायचा आणि डोळ्यांनी आपल्या काळ्या पावाकडे बघायचा. मला ते दिसायचं. तुला दिसत नव्हतं, कारण तुझी नजर इंग्लंडच्या बोटीवर होती. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. तू गेलीस ते बरोबरच केलंस, तोही पुढे नोराशी सुखाने नांदला. जे होतं ते लिहितेय.

तर या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, सेंट ब्रिजिडच्या सणाच्या आठवड्यात बर्फ पडलं. बुधवारी पावाची गाडी चौकापर्यंत आलीच नाही. मला वाटलं, आज कॅथलही येत नाही. कसलं काय! दुपारी फटफट करत ट्रॅक्टर हजर. म्हणे, तुझे नळ गोठलेत का बघायला आलो. नळ बघितले, गोठले नव्हते. मग चहा. आता घरात दुकानचा पाव नाही, आणि माणूस बर्फातून आलेला. काय करते, आपलाच काढला. नळांबद्दल काहीतरी बडबडत होते, हात आपले काम करत होते. मोडला, लोणी लावलं, त्याच्या ताटलीत ठेवला.

त्याने पावाला हातच लावला नाही. मला वाटलं, लोणी खवट आहे की काय.

"अट्रॅक्टा," तो म्हणाला, "हा खिडकीकडचा आहे."

"मग काय झालं—" म्हणता म्हणता माझ्या ध्यानात आलं. "अगं बाई! दे, दे इकडे. बोलण्याच्या नादात पडला."

त्याने दोन्ही पंजे ताटलीवर पालथे घातले. "पडला तो पडला. एवढी वर्षं या घरात दुकानचा पाव खाल्लाय मी. आता हा परत मागायचा नाही."

"अरे, पण तो बाबांचा..."

"कुणाचा ते मला शिकवतेस? तुझे बाबा माझ्यासमोर बसून खायचे. एकदासुद्धा म्हणाले नाहीत, घे रे पोरा, चव बघ."

आणि खाल्ला. हळूहळू, चुरा बोटाने टिपून टिपून. मी समोर उभी, चहाची किटली हातात. त्या वेळी मला बाबा आठवायला हवे होते, पण खरं सांगू? मला बरं वाटलं. किती दिवसांनी त्या खुर्चीतून कुणीतरी "अजून आहे का?" असं विचारलं. पाखरं काही विचारत नाहीत.

निघताना टोपी घालून दारात उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता, माझ्या मांजराकडे बघून म्हणाला, "पुढच्या बुधवारी मला दुकानचा पाव दिलास तर मी समजेन, आजचा खरंच चुकून पडला. आणि आजच्यासारखाच दिलास, तर मी फादरशी बोलून येतो." एवढं म्हणून गेला. एकसष्ट वर्षांच्या बाईला कुणी असं दारात उभं करून मागणी घालतं का गं?

मग पुढच्या बुधवारी मी काय केलं असेल? चहाबरोबरचे छोटे गोल स्कोन केले. हो, स्कोन! त्याने एक उचलला, उलटासुलटा बघितला आणि म्हणाला, "हा कुठल्या बाजूचा?" त्याच्या पुढच्या बुधवारी बटाट्याची धिरडी. राखेच्या बुधवारी, लेंटच्या पहिल्याच दिवशी, उपास होता, त्याने मला वाचवलं. काल बिस्किटं ठेवली. बशीकडे बघून त्याने सुस्कारा टाकला.

"अट्रॅक्टा, तुझे पदार्थ संपत आलेत. थांबलीयस कुणासाठी? पोपची परवानगी हवीय?"

मी म्हटलं, "डिम्फनाची."

तो बराच वेळ चहा ढवळत बसला, साखर न घालताच. मग म्हणाला, "त्यापेक्षा पोप बरा होता."

हे आहे सगळं. मला त्याला हो म्हणायचंय, डिम्फना. आडवळणाने नको, सरळच लिहिते. बुधवार आला की मी सकाळी दोनदा केस विंचरते. पण तो आधी तुझ्यासाठी या घरात आला होता. तू एकटी आहेस, तू त्याची चौकशी केलीस, आणि तुझ्या मनात परत यायचं असेल, त्याच्याबद्दल काही असेल, तर तू निदान तसं सांग. मी त्याला दुकानचा पाव देईन, जॅम लावून, आणि पुन्हा या विषयावर अवाक्षर काढणार नाही. नवरा मला या वयात मिळाला काय, न मिळाला काय, चालेल. पण बहीण एकच आहे, आणि तिचा चतकोर इतकी वर्षं गुंडाळून ठेवायचा तो असा गमावण्यासाठी नाही.

पाव झाला. बुडावर टिचकी मारली, पोकळ वाजला. जिलियनला सांग, असा आवाज आला की झाला. ओल्या फडक्यात गुंडाळून उभा ठेवायचा, म्हणजे वरचं कवच मऊ राहतं. आज छान फुललाय. वासावर मांजर टेबलाखाली येऊन बसलंय.

पत्र लवकर लिही. पदार्थ खरंच संपलेत माझे.

तुझं उत्तर काहीही आलं तरी तुझीच,
अट्रॅक्टा


लीड्स,
मंगळवार, ९ मार्च

अट्रॅक्टा बाई,

धन्य आहे तुझी! ताकाला गेलीस आणि पानंच्या पानं भांडं लपवलंस. जिलियनला मोठ्याने वाचून दाखवत होते कृती म्हणून. "कॅथलने बिजागरी बसवली" इथे ती म्हणाली, "आई, हे पावाचं पत्र नाही." तिला सगळं वाचून दाखवलं. ट्रॅक्टरपाशी ती इतकी हसली की चहा नाकात गेला.

आता ऐक. कन्सेप्टा हंटने मला हे सगळं नाताळच्या आधीच कळवलंय. दर बुधवारचा ट्रॅक्टर, तो किती वेळ उभा असतो, आणि तू हल्ली निळा स्वेटर घालतेस. मी "कॅथल कसा आहे" असं विचारलं ते तुला तोंड उघडायला जागा करून दिली होती. तू त्या जागेवर चार दिवस नुसती बसून राहिलीस. तुझ्यासारखी तूच.

मला वाईट वाटलं का? तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात आहे, म्हणून सांगते. वाटलं. कन्सेप्टाचं पत्र आलं त्या दिवशी मी घरातले सगळे पडदे धुऊन टाकले. पण ते कॅथलसाठी नव्हतं गं. कॅथल हा चांगला माणूस आहे आणि मला तो बावीस वर्षांची असतानाही नको होता, तो तीन हिवाळे फक्त गुरांबद्दल बोलला. वाईट वाटलं ते बाबांच्या खुर्चीचं. मी इथे असताना डोळे मिटले की ते स्वयंपाकघर जसंच्या तसं असायचं, चौघांचं. तिथे आता दुसरं कुणी बसणार, म्हणजे ते खरंच संपलं, असं वाटलं.

मग काल तू सांगितलंस तसा पाव केला. पाच ओंजळी. मळला नाही, हात शिवशिवत होते तरी. फुली काढली, आणि टिचकीला पोकळ वाजला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टेबलावर ठेवला, मोडला, आणि बसले त्याच्याकडे बघत. चार चतकोर आणि मी एकटी. रडू आलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात जिलियन आली, उभ्या उभ्या एक चतकोर उचलला आणि लोण्यात बुडवून खायला लागली. खिडकीकडचा. आईचा डाव कुठून पडतो की काय म्हणून मी खरंच वर बघितलं. आभाळ कोसळलं नाही. पोरगी म्हणाली, "आई, हा तर मस्त झालाय, तुलाही देऊ का?" तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं एक रिकामी खुर्ची राखत बसले होते, आणि तूही. पाखरांनी बाबांच्या वाटणीचं भरपूर खाल्लं. आता पुरे.

तेव्हा, सतरा तारखेच्या बुधवारी सेंट पॅट्रिकचा सण आहे, त्या दिवशी लेंटही कुणी मोजत नाही. स्कोन, धिरडी, बिस्किटं काही करू नकोस. पाव कर. खिडकीकडचा त्याला वाढ, आणि या वेळी हात चुकला नाही हे त्याला दिसेल असा वाढ. चुलीकडचा तू घे. शेकून नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी, गरम गरम. आणि दाराकडच्या त्या खुर्चीतून ऊठ एकदाची. घर चालवणारी बाई चुलीकडे बसते.

कॅथलला सांग, पोपपेक्षा मी लवकर उत्तर देते.

ईस्टरच्या आधीच्या शनिवारी जिलियन आणि मी नॉकला विमानाने उतरतोय. तिकिटं काढलीत. लग्न ईस्टरनंतर ठेवा, मला टोपी घ्यायचीय. दाराकडचा चतकोर जिलियनला दे, ती भुकेली पोरगी आहे.

आणि माझा त्या शनिवारी कोंबड्यांना घालू नकोस. मी येतेय खायला.

कपाटाकडच्या चतकोराची मालकीण,
तुझी डिम्फना